ईस्ट रायडिंगचा नकाशा

थॉर्नलीसाहेबांचं पत्र ऑक्टोबर २००१ मध्ये ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर आलं; शारजात टपाल घरपोच येत नाही. साहेब निवृत्त होऊन इंग्लंडला गेले त्याला सहा वर्षं झाली होती. पत्र लहानच होतं. आधी तब्येत, मग हवा. मग लिहिलं होतं, की मी १९९३ साली काढून दिलेला त्यांच्या भागाचा नकाशा भिंतीला ओल येऊन खराब झाला, रंग एकमेकांत उतरले. त्याची पहिली प्रत, कोपऱ्यात डाग पडलेली, माझ्याकडे अजून असेल का? असली तर पाठवावी. शेवटचं वाक्य असं होतं: आता त्या डागाचं मला काही वाटणार नाही.

पहिली प्रत माझ्याकडे होती. कपाटामागे, गुंडाळून, प्लास्टिकच्या नळीत. तिच्यातले रंग माझ्या बायकोने, अनुराधाने भरलेले. तिला जाऊन सात वर्षं होत आली होती. तो कागद द्यायचा की नाही, हे मला ठरवायचं होतं.

मी ड्राफ्ट्समन. शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका सर्व्हे कंपनीत १९८६ पासून आहे. तेव्हा सगळं हाताने व्हायचं. पुढे कॉम्प्युटर आला, पण थॉर्नलीसाहेबांना हाताने काढलेली रेघ आवडायची. ते आमचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. ओरडायचे नाहीत. ख्रिसमसला सगळ्यांना केकचा डबा द्यायचे. सहीसाठी कागद नेला की मात्र तो ट्रेमध्ये ठेवायचे आणि त्यांच्या सवडीने काढायचे.

डिसेंबर ९२ मध्ये त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि एका जुन्या नकाशाची झेरॉक्स समोर ठेवली. यॉर्कशायर. मार्चमध्ये त्यांच्या वडिलांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. त्यांना भेट म्हणून हा नकाशा मोठ्या कागदावर, शाईने आणि रंगात काढून हवा होता.

"पण नवा नको," साहेब म्हणाले. "जुना हवा. खरा."

मग त्यांनी अर्धा तास समजावलं. त्यांच्या काउंटीचे पूर्वी तीन भाग होते, त्यांना रायडिंग म्हणत. रायडिंग म्हणजे तिसरा हिस्सा. नॉर्थ, वेस्ट आणि ईस्ट. साहेब ईस्टचे. प्रत्येक रायडिंगमध्ये पुन्हा लहान भाग, त्यांना वेपनटेक म्हणायचे. जुन्या काळी त्या भागातले पुरुष एका ठिकाणी जमायचे, ठराव मान्य असला की हत्यारं वर करायचे, त्यावरून ते नाव. ईस्ट रायडिंगमध्ये असे सहा. हे सगळं हजार वर्षं चाललं आणि १९७४ साली सरकारने एका फटक्यात रद्द केलं. साहेबांच्या गावावर हंबरसाइड असं नाव आलं.

"असं कुठलं ठिकाणच नाही," साहेब म्हणाले. "माझे वडील अजून पत्त्यात ईस्ट रायडिंगच लिहितात. पोस्टमन पत्र आणतो."

मी घरी येऊन अनुराधाला सांगितलं. तिने शाळेत असताना ड्रॉइंगच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. लग्नानंतर रांगोळीशिवाय काही काढलं नव्हतं. तिने झेरॉक्स हातात घेतली आणि म्हणाली, "रेघा तुम्ही मारा. रंग मी देते. तुम्ही पातळ रंगाचा वॉश द्यायला लागलात की ओघळ येतात."

"तुला काय माहीत?"

"आभाच्या प्रोजेक्टमधला समुद्र बघितलाय मी."

आभा आमची मुलगी. तेव्हा आठ वर्षांची. ती तिकडून ओरडली, "इट लुक्ड लाइक टी, बाबा!"

जेवणाचं टेबल भिंतीला लावलं आणि त्यावर कागद ताणून बसवला. शुक्रवारी सकाळी आणि रोज संध्याकाळी काम. मी एक हद्द शाईने पुरी केली की ती सुकायची वाट बघायची आणि मग रंग. ती नावं वाचायची. बकरोज, डिकरिंग, हार्टहिल, होल्डरनेस, हाउडनशायर, औझ अँड डरवेंट.

"म्हणजे आपले तालुके," ती म्हणाली. "आणि साऊथ कुठाय?"

"साऊथ नाही. तीनच."

"असं कसं? दक्षिणेला माणसं राहत नाहीत?"

"राहतात. पण तिसरा हिस्सा म्हणजे तीनच होणार. चौथा कुठून आणू?"

यॉर्क शहर तिन्ही रायडिंगच्या मध्ये होतं, पण तिन्हींत नव्हतं. साहेबांनी बजावून सांगितलं होतं, की ते पांढरं ठेवायचं. अनुराधाला ते पटेना. ब्रश हातात धरून ती म्हणाली, "एवढं मोठं शहर आणि कोणाचंच नाही? मग तिथल्या माणसांनी पत्ता काय लिहायचा?"

"पी. ओ. बॉक्स," मी म्हणालो. "आपल्यासारखं."

ती खूप हसली. ते हसणं मला आठवतं, कारण त्यानंतर चार-पाच दिवसांनीच तिने मला गाठ दाखवली.

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. आम्ही शारजाच्या रोला भागातल्या दवाखान्यात गेलो. लेडी डॉक्टर हैदराबादच्या होत्या. त्यांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, "यहाँ करो या इंडिया में करो, लेकिन जल्दी करो. एक महीने के अंदर." अनुराधाची मोठी बहीण शोभना पुण्यात नर्स होती. तिने फोनवर सांगितलं, की इकडे या, मी सर्जनशी बोलते, आभालाही मी सांभाळते. ठरलं.

आमचे तिघांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होते. तेव्हा सगळ्याच कंपन्या असं करायच्या. पासपोर्ट हवा तर फॉर्म भरायचा, मॅनेजरची सही घ्यायची, मग याकूबभाई तिजोरी उघडायचे. याकूबभाई रत्नागिरीकडचे, ऑफिसचं व्हिसाचं काम बघायचे.

फॉर्म भरण्याआधी अनुराधा मला म्हणाली, "ऑफिसात काय झालंय ते सांगू नका हं. मराठी मंडळात पसरेल. बायका बघायला येतील आणि बोलताना पदराकडे बघतील."

मी म्हणालो, "नाही सांगत." खरं तर तिने सांगितलं नसतं तरी मी कुठला सांगतोय. साहेबासमोर उभं राहून बायकोच्या छातीत गाठ आहे असं इंग्रजीत म्हणायचं, हे मला जमलं नसतं. शब्द माहीत होता. तोंडातून निघाला नसता.

याकूबभाईंनी फॉर्म वाचला. "विजयराव, कारणाच्या जागी हे काय लिवलाव? फॅमिली मॅटर? लग्न पण फॅमिली मॅटर, बारसं पण फॅमिली मॅटर. जरा नीट लिहा ना."

"तेवढं पुरे," मी म्हणालो.

"तुमची मर्जी. माझ्याकडे याची झेरॉक्स राहील, तुमच्याकडे पण एक ठेवा."

साहेबांनी फॉर्म ट्रेमध्ये ठेवला आणि हसून म्हणाले, "विजय, तू गेलास तर माझा नकाशा कोण पुरा करणार? आधी नकाशा. मग मी लगेच सही करतो. आठवड्याचं तर काम राहिलंय."

आठवड्याचंच राहिलं होतं. मी म्हणालो, "येस सर."

घरी येऊन सांगितलं तेव्हा अनुराधा म्हणाली, "मग चला, पुरा करू." त्या आठवड्यात आम्ही झटून काम केलं. आठ फेब्रुवारीला नकाशा तयार झाला. सहा वेपनटेकना सहा रंग, अगदी फिके, एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. नॉर्थ आणि वेस्टची नुसती बाह्यरेषा. यॉर्क पांढरं. खाली माझ्या अक्षरात नाव आणि स्केल. मी आयुष्यात एवढं चांगलं काम केलं नव्हतं. सकाळी उठून गुंडाळला, नळीत घातला आणि ऑफिसला नेला.

साहेबांच्या टेबलावर तो उलगडला तेव्हा उजव्या कोपऱ्यात, उत्तरेच्या बाणाखाली, पिवळा डाग होता आणि त्यावर लाल. बोटाएवढा.

साहेब बराच वेळ नकाशा बघत होते. फार आवडला होता, चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

"हे काय आहे, विजय? करी?"

मला बघताक्षणी कळलं होतं. हळदीकुंकू. आमच्या घरात काहीही नवीन आलं, मिक्सर असो की आभाची वही, अनुराधा पहिल्यांदा त्याला हळदीकुंकू लावायची. पण ते साहेबांना कसं सांगायचं? हळद म्हणजे काय, कुंकू म्हणजे काय, ते नकाशाला का लावायचं. तोवर नकाशा बघायला केबिनमध्ये जमलेल्यांतला एक जण हसला होता.

"येस सर," मी म्हणालो. "करी. सॉरी सर."

मी कोपरा कापून देतो म्हणालो. साहेब म्हणाले, की चौकट तिरकी दिसेल, वडिलांच्या बैठकीच्या खोलीत लागणार आहे. ते पाच मार्चला निघणार होते. "तुझ्याकडे तीन आठवडे आहेत. पुन्हा कर. या वेळी जेवणाच्या टेबलापासून लांब." सगळे हसले. साहेबही. ट्रेमधला माझा फॉर्म मला दिसत होता.

घरी गेल्यावर मी चपला काढायच्या आत सुरुवात केली. "अक्कल आहे का तुला? कोणी सांगितलं होतं?"

अनुराधा भाजी चिरत होती. म्हणाली, "सांगायला कशाला हवं? ऐंशी वर्षं पूर्ण होणाऱ्या माणसाला जाणार ना तो? आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन करतात. अशा कामाला कागद कोरा पाठवायचा?"

"ते इंग्रज आहेत!"

"वय इंग्रजांचं होत नाही?"

"करी म्हणाला तो. करी सांडली म्हणाला."

तिने विळी बाजूला सारली. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

मी चपला काढायला वाकलो. तिला कळलं. तिने पुन्हा भाजी घेतली आणि म्हणाली, "बरं. दुसरा कागद आणा."

दुसरी प्रत आम्ही तीन आठवड्यांत केली. मध्येच रमजान लागला, ऑफिस दोनला सुटायला लागलं, नाहीतर तेवढ्यातही झाली नसती. तिचा उजवा हात आता दुखायला लागला होता. ब्रश लांब न्यायचा झाला, की ती उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जायची, हात लांबवण्याऐवजी. होल्डरनेस समुद्राकडे लांब जातो, तिथे तिला चारदा जागा बदलावी लागली. मी एकदा म्हणालो, "राहू दे, मी करतो." ती म्हणाली, "तुमचा चहा होईल त्याचा."

मी रोज ऑफिसात जात होतो. रोज साहेबांसमोर उभा राहत होतो. रोज ते विचारायचे, "कुठवर आलं?" आणि मी सांगायचो, की डिकरिंग झालं, बकरोज झालं. तीन आठवडे मी त्या माणसाशी वेपनटेकबद्दल बोललो.

दोन मार्चला दुसरी प्रत दिली. साहेबांनी त्याच मिनिटाला सही केली, पाठ थोपटली. याकूबभाईंनी पासपोर्ट काढून दिले. चार मार्चला आम्ही निघालो. नऊ मार्चला पुण्यात ऑपरेशन झालं. सर्जन शोभनाच्या ओळखीचे, हळू बोलणारे. म्हणाले, काखेत गेलंय. मी विचारलं, तीन-चार आठवडे आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही. आधी आलेलं बरंच असतं, एवढंच म्हणतो."

अनुराधा त्यानंतर वीस महिने होती. नोव्हेंबर ९४ मध्ये गेली.

साहेबांनी ऑफिसातर्फे फुलं पाठवली होती. ते ९५ मध्ये निवृत्त झाले. ९६ च्या मे महिन्यात त्यांचं कार्ड आलं. एप्रिलपासून हंबरसाइड रद्द झालं होतं आणि ईस्ट रायडिंग परत आलं होतं, सरकारी कागदावर. सोबत फोटो होता. भिंतीवर आमचा नकाशा, खाली खुर्चीत म्हातारे वडील, हातात ग्लास. मागे लिहिलं होतं, 'तुझा नकाशा खरा झाला, विजय!'

बावीस वर्षांपूर्वी रद्द झालेली गोष्ट लोकांनी अर्ज करून परत आणली. मी ते कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. उत्तर दिलं नाही.

आणि आता २००१ मध्ये हे पत्र. आता डागाचं काही वाटणार नाही.

आभा तेव्हा सोळा वर्षांची होती, बारावीच्या आधीच्या वर्गात. मी तिला पत्र दाखवलं, कारण इंग्रजीत उत्तर लिहायचं तर तीच टाइप करणार होती.

"सो सेंड इट, बाबा," ती म्हणाली. "कपाटाच्या मागे धूळ खातोय. ही इज अ‍ॅन ओल्ड मॅन."

मी नळी काढली आणि नकाशा टेबलावर उलगडला. त्याच टेबलावर. तिने तो आठ वर्षांनी बघितला. रंग तसेच होते. हळद जरा फिकी झाली होती, कुंकू काळपट.

"धिस इज आईचं?"

"हो."

मग मी तिला सगळं सांगितलं. गाठ, फॉर्म, करी, तीन आठवडे. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच आठवत होतं, की टेबलावर नकाशा असल्यामुळे आम्ही बरेच दिवस खाली बसून जेवायचो. ती ऐकत होती आणि डागाभोवती बोट फिरवत होती, न टेकवता. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता ती साहेबांना शिव्या देईल.

ती म्हणाली, "बट यू नेव्हर टोल्ड हिम?"

"आईने सांगू नको म्हटलं होतं."

"बाबा. यू नेव्हर टोल्ड हिम."

"त्याला कळायला नको? माणूस महिनाभर रोज पासपोर्ट मागतोय!"

"रोज मागत होतास? ऑर वॉज इट जस्ट लाइंग इन द ट्रे?"

मी चिडलो. म्हणालो, तू टाइप कर, वकिली नको. ती कॉम्प्युटरसमोर बसली. मी मराठीत सांगितलं, तिने इंग्रजीत केलं. मोठं काही लिहिलं नाही. तारखा लिहिल्या. डॉक्टरांनी महिन्याच्या आत म्हटलं ती तारीख. फॉर्म दिला ती. पहिली प्रत दिली ती. दुसरी प्रत, सही, विमान, ऑपरेशन, मृत्यू. मग लिहिलं, की कोपऱ्यातला डाग करीचा नव्हता, माझ्या बायकोने तुमच्या वडिलांसाठी शुभ म्हणून लावलेली हळद आणि कुंकू होतं. हा कागद द्यायचा नाही. खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पोस्टात टाकलं.

परत येताना मला बरं वाटलं. आठ वर्षं आत ठेवलेलं बाहेर काढून त्या माणसाच्या दारात टाकलं होतं. त्याने आता ते घेऊन बसावं.

उत्तर डिसेंबरात आलं. हाताने लिहिलेलं, अक्षर थरथरणारं. नकाशा पुन्हा मागितला नव्हता. साहेबांनी लिहिलं होतं, की त्यांनी माझं पत्र बऱ्याचदा वाचलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फॉर्मवर फॅमिली मॅटर होतं, त्यांना वाटलं एखादं लग्न असेल. 'तू एक शब्द बोलला असतास तर मी त्याच दुपारी सही केली असती आणि तुम्हाला विमानतळावर स्वतः सोडलं असतं. माझे वडील त्या नकाशासाठी वर्षभर थांबले असते. आणि विजय, करी म्हणून तूच सांगितलंस.'

आभा शाळेतून यायची होती. मी पत्र घेऊन बसलो. पहिल्यांदा वाटलं, खोटं बोलतोय, आता सगळेच असं म्हणतात. मग ऑफिसातला साहेब आठवला. केकचे डबे. महादू नावाचा आमचा प्यून होता, त्याची आई गेली तेव्हा तो रडत केबिनमध्ये शिरला होता. त्याचा पासपोर्ट अर्ध्या तासात हातात पडला होता. हे मी स्वतः बघितलं होतं. ९१ मध्ये. म्हणजे मला ते तेव्हाही माहीत होतं.

आभा आल्यावर तिने पाकीट बघितलं. "व्हॉट डिड ही से?"

"नकाशा नको म्हणाला."

"दॅट्स ऑल?"

"तेवढंच."

ती आत गेली. मी पत्र तिच्या हाती लागणार नाही असं ठेवलं. ते ठेवायला जुनी फाइल काढली. याकूबभाईंनी ठेवायला सांगितलेली फॉर्मची झेरॉक्स तिच्यातच होती. नाव, कर्मचारी क्रमांक, तीन पासपोर्टचे नंबर. कारणाच्या रकान्यात दोन शब्द. तो रकाना चांगला चार ओळींचा होता. मी पहिल्याच ओळीवर लिहून खालच्या तीन मोकळ्या सोडल्या होत्या. कॅपिटल अक्षरं, सगळी एका उंचीची, दोन शब्दांत बरोबर एका अक्षराची जागा.

ऑफिसात माझ्याइतकं स्वच्छ अक्षर कोणाचंच नव्हतं.